गिगाबाइटचा गोंधळ आणि एका तारेवरचे दोन हिशेब

व्हिडिओ पाहणाऱ्यांमुळे देशाच्या नेटवर्कवर असह्य भार येतो, म्हणून व्हिडिओ पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांनी नेटवर्क उभारणीच्या खर्चातील 'न्याय्य वाटा' उचलला पाहिजे, अशी मागणी आपल्याकडील मोबाइल कंपन्यांची संघटना, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया, गेली काही वर्षे सातत्याने करीत आहे. ट्रायने जुलै २०२३ मध्ये ओटीटी सेवांच्या नियमनाविषयी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केल्यापासून या मागणीला अधिक धार चढली. राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या विज्ञान-तंत्रज्ञान पानांवर ती बहुधा एका ठराविक साच्यात अवतरते. आधी अमुक कोटी गिगाबाइटचा डोळे दिपवणारा आकडा, पाठोपाठ 'ताण' हा शब्द, आणि मग शुल्काची मागणी. या तीन पायऱ्यांच्या मध्ये काही सिद्ध करायचे राहून गेले आहे, याची शंकासुद्धा वार्ताहराला येत नाही.

धोरणावर मतभेद असू शकतात. पण ज्या आकड्याच्या बळावर हे धोरण मागितले जात आहे तो आकडाच चुकीची राशी मोजतो, आणि हे दाखवून देण्यासाठी पदवीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच. माझे प्रतिपादन एका वाक्यात असे: मागणीनुसार पाहिलेली चित्रफीत केबल कंपनीच्या स्वतःच्या भांडारातून येवो वा परक्या कंपनीच्या, शेवटच्या तारेवर तिचा भार अगदी सारखाच असतो, दोहोंत दाखवला जाणारा फरक हा हिशेबवहीतला आहे, तारेतला नाही.

राशींची गल्लत

प्रथम एककांकडे वळू. गिगाबाइट हे एकूण माहितीचे माप आहे. मेगाबिट प्रति सेकंद हे दराचे माप आहे. या दोहोंचे नाते ऊर्जा आणि शक्ती यांच्या नात्यासारखे आहे. घरच्या वीजबिलावरील 'युनिट' म्हणजे ऊर्जा; एकाच वेळी किती किलोवॅट खेचले, ती शक्ती. रोहित्र केवढे बसवायचे आणि वाहिनी किती जाड घ्यायची हे महिन्याच्या एकूण युनिटांवर ठरत नाही, ते सर्वाधिक मागणीच्या क्षणावर ठरते. म्हणूनच उद्योगांच्या वीजबिलात युनिटांच्या आकाराखेरीज 'मागणी आकार' वेगळा लावलेला असतो.

दूरसंचाराचे जाळेही असेच आहे. राउटर, तंतुवाहिनी, मनोरा यांची क्षमता प्रति सेकंदात मोजली जाते आणि ती रात्री आठ ते अकराच्या गर्दीला पुरेल अशी ठेवावी लागते. पहाटे तीन वाजता तुम्ही दहा गिगाबाइट उतरवून घेतलेत, तर कंपनीला त्यासाठी एक रुपयाचेही नवे यंत्र बसवावे लागत नाही. ते यंत्र त्या वेळी रिकामेच पडलेले असते. उलट रात्री नऊला शेजारपाजारच्या सर्वांसोबत पाहिलेले अर्धा गिगाबाइट नव्या गुंतवणुकीचे कारण ठरू शकते.

आता आकडा घ्या. ट्रायच्या अलीकडील आकडेवारीनुसार भारतात मोबाइल डेटाचा ग्राहक महिन्याला सरासरी २० गिगाबाइटहून अधिक डेटा वापरतो. २० गिगाबाइट म्हणजे १६० अब्ज बिट. महिन्यात सुमारे २६ लाख सेकंद असतात. भागाकार येतो सुमारे ६२ हजार बिट प्रति सेकंद. जुन्या डिजिटल टेलिफोनवर एका संभाषणासाठी ६४ हजार बिट प्रति सेकंद राखून ठेवले जात. म्हणजे ज्या वापराला 'महापूर' म्हटले जाते, तो महिनाभर समान पसरला तर एका साध्या फोनकॉलएवढाही भरत नाही.

अर्थात तो समान पसरत नाही, हे मलाही मान्य आहे. किंबहुना माझा मुद्दा तोच आहे. खर्च ठरतो तो वापर किती आहे यावर कमी आणि तो कधी व कोठे एकवटतो यावर अधिक. मग ज्यांना खर्चाचा वाटा हवा आहे त्यांनी गर्दीच्या वेळचे, विभागवार आकडे लोकांसमोर ठेवले पाहिजेत. ते न ठेवता महिन्याचे एकूण गिगाबाइट पुढे करणे म्हणजे धरणाच्या भिंतीची उंची वर्षभराच्या पावसाच्या बेरजेवरून ठरवण्यासारखे आहे.

केबलवाल्यापासून पॅकेटपर्यंत

मागणीनुसार चित्रफीत ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये केबलवाला एका खोलीत व्हीसीआर लावून सगळ्या घरांना एकच चित्रपट दाखवत असे. अभियांत्रिकीच्या भाषेत ते प्रक्षेपण होते: एक प्रत, अनेक प्रेक्षक. दहा घरांनी पाहिले काय किंवा शंभर घरांनी पाहिले काय, तारेवरचा भार तेवढाच. प्रक्षेपणाची ही देणगी फार मोठी आहे. तिची किंमत एवढीच की कोणता चित्रपट केव्हा लागणार, हे केबलवाला ठरवणार.

ही किंमत नको असलेल्या प्रेक्षकासाठी अमेरिकेतील टाइम वॉर्नर केबल कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो येथे मोठा प्रयोग सुरू केला. घरबसल्या हवा तो चित्रपट, हवा तेव्हा, थांबवण्याच्या आणि मागे नेण्याच्या सोयीसह. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या चालला, आर्थिकदृष्ट्या चालला नाही, आणि १९९७ मध्ये गुंडाळला गेला. मात्र त्यातून केबल उद्योगाला कोडे नेमके काय आहे ते समजले. मागणीनुसार चित्रफितीत प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह द्यावा लागतो. प्रक्षेपणाची देणगी इथे संपते.

केबल कंपन्यांनी यावर जे उत्तर शोधले त्याचा हिशेब सोपा आहे. अमेरिकी केबलमध्ये वारंवारतेचा एक कप्पा ६ मेगाहर्ट्झचा असतो. २५६ अवस्थांच्या क्वाम पद्धतीने त्यातून सुमारे ३८ मेगाबिट प्रति सेकंद एवढी उपयुक्त माहिती पाठवता येते. त्या काळातील साध्या प्रतीच्या चित्रफितीला ३.७५ मेगाबिट प्रति सेकंद लागत. म्हणजे एका कप्प्यात दहा प्रवाह. मग वस्तीचे लहान गट पाडायचे, आणि एका गटातील घरे गर्दीच्या वेळी किती प्रवाह मागतील याचा अंदाज घेऊन तेवढे कप्पे त्या गटासाठी राखायचे. शेजारच्या गटात तेच कप्पे पुन्हा वापरता येतात.

त्याच तारेवर शेजारच्या कप्प्यांतून इंटरनेटही येऊ लागले. त्यासाठीचे डॉक्सिस हे मानक १९९७ मध्ये आले. आरंभी चित्रवाणीचे कप्पे वेगळे आणि इंटरनेटचे वेगळे अशी वाटणी होती. पुढे केबल कंपन्यांच्याच लक्षात आले की दोन स्वतंत्र व्यवस्था सांभाळण्यापेक्षा चित्रफितीही इंटरनेट प्रोटोकॉलच्या पॅकेटांतून पाठवणे स्वस्त आणि लवचीक आहे. आज केबल कंपनीची 'स्वतःची' मागणीनुसार सेवा आणि परक्या कंपनीची ओटीटी सेवा या दोन्ही एकाच प्रकारच्या पॅकेटांतून, एकाच तारेवरून, त्याच घरातील त्याच यंत्रात उतरतात. पूर्ण उच्च प्रतीच्या चित्रफितीला सुमारे ५ मेगाबिट प्रति सेकंद लागतात. तारेला त्या पाच मेगाबिटांचा धनी कोण, हे कळत नाही.

गर्दीचे गणित

हजार घरांचा एक गट घ्या. गर्दीच्या वेळी दहापैकी एका घरात चित्रफीत सुरू आहे आणि प्रत्येक घराची निवड इतरांपासून स्वतंत्र आहे, असे मानू. अपेक्षित प्रवाह १००. प्रमाण विचलन हे १०००, ०.१ आणि ०.९ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ९.५. तीन प्रमाण विचलने वर धरली तरी १३० प्रवाहांची सोय पुरते. सरासरीपेक्षा केवळ तीस टक्के अधिक. आता हेच दहा घरांसाठी करा. अपेक्षित प्रवाह १, विचलन ०.९५, आणि सुरक्षित सोय सरासरीच्या चौपट. उलट एक लाख घरांसाठी ती सरासरीहून तीन टक्क्यांपेक्षाही कमी अधिक लागते. संख्या वाढते तशी सापेक्ष अनिश्चितता तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ पासून टेलिफोनच्या रहदारीचा जो अभ्यास मांडला, त्याच परंपरेतील हे गणित आहे. वायुरेणूंच्या सरासरीचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ते परके वाटणार नाही.

याचा अर्थ काय? लाखो लोक आपापल्या सवडीने आपापली चित्रफीत पाहतात, तेव्हा त्यांची एकत्रित मागणी आश्चर्यकारक इतकी स्थिर असते. अभियंत्याला ती आधीच ओळखता येते. मागणीनुसार चित्रफीत हा नेटवर्कचा शिस्तीचा ग्राहक आहे. बेशिस्त ग्राहक वेगळाच आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: क्रिकेटचा अंतिम सामना. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच वेळी सुमारे ५.९ कोटी पडद्यांवर ओटीटीद्वारे पाहिला गेला. तेथे 'प्रत्येक घराची निवड स्वतंत्र' हे गृहीतकच कोसळते. शुल्काची मागणी करणारे मात्र या दोन अगदी भिन्न भारांची एकत्र मोट बांधून तिला 'व्हिडिओ' असे नाव देतात.

आणि घरापर्यंत तंतुवाहिनी आलेली असेल तर? भारतात घरोघरी दिल्या जाणाऱ्या तंतुजोडणीत जीपॉन पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्या एका तंतूवर सुमारे अडीच गिगाबिट प्रति सेकंदाची क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पाच मेगाबिटची चित्रफीत लावली तरी भार ३२० मेगाबिट होतो, म्हणजे क्षमतेचा आठवा हिस्सा. 'असह्य ताण' या तंतूवर नेमका कोठे पडतो, हे मला कोणी दाखवून द्यावे.

यावर असे म्हटले जाईल की ताण गल्लीत नसून समुद्रापलीकडून येणाऱ्या वाहिन्यांवर आहे. तेही खरे नाही. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये आपली ओपन कनेक्ट ही व्यवस्था जाहीर केली; गूगलचीही तशीच व्यवस्था आहे. चित्रफितींच्या प्रती साठवणारे सर्व्हर इंटरनेट पुरवठादाराच्या स्वतःच्या इमारतीत ठेवले जातात. लोकप्रिय चित्रफिती गर्दी नसताना एकदाच तेथे भरल्या जातात आणि मग हजारो वेळा तेथूनच वाटल्या जातात. शहरातील बहुतेक प्रेक्षक पाहतात ती प्रत त्यांच्या शहरातली किंवा जवळच्या शहरातली असते. दूरच्या वाहतुकीचा खर्च व्हिडिओ कंपन्यांनी अशा रीतीने आधीच उचललेला आहे. उरतो तो शेवटचा टप्पा, आणि त्याचे पैसे ग्राहक दरमहा भरतो. चित्रफीत कोणी आपल्या घरात बळजबरीने ढकलत नाही. पैसे भरलेला ग्राहक ती मागवतो.

हिशेबवहीतला फरक

हिशेबवही तारेपेक्षा वेगळे बोलू लागली की काय होते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत मिळते. कॉमकास्ट ही त्या वेळी तेथील सर्वांत मोठी केबल कंपनी होती. तिच्या इंटरनेट ग्राहकांना महिन्याला २५० गिगाबाइटची मर्यादा होती. मार्च २०१२ मध्ये तिने आपली मागणीनुसार सेवा एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावर आणली आणि जाहीर केले की ही चित्रफीत त्या मर्यादेत मोजली जाणार नाही. कारण काय, तर ती सार्वजनिक इंटरनेटवरून येत नसून कंपनीच्या 'खासगी' आयपी नेटवर्कवरून येते. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी एप्रिलमध्ये जाहीर आक्षेप घेतला: त्याच यंत्रावर, त्याच जोडणीवरून पाहिलेली त्यांची चित्रफीत मोजली जाते, कॉमकास्टची नाही. मे महिन्यात कॉमकास्टने ती २५० गिगाबाइटची मर्यादाच स्थगित केली.

हेस्टिंग्ज यांचा यात धंद्याचा स्वार्थ होता, हे उघड आहे. पण स्वार्थी माणसाचा प्रश्नही बरोबर असू शकतो. मर्यादा जर तारेवरील ताणासाठी असेल, तर स्वतःची चित्रफीत त्याच तारेवर ताण का देत नाही? आणि ती ताण देत नसेल, तर परक्याची का देते?

दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०१४ चे. कॉमकास्टच्या ग्राहकांना मिळणारा नेटफ्लिक्सचा वेग काही महिने घसरत होता. दोन कंपन्यांत थेट जोडणीचा सशुल्क करार झाला आणि थोड्याच अवधीत तो वेग झपाट्याने वाढला. तेवढ्या दिवसांत लाखो घरांच्या तारा बदलल्या गेल्या नव्हत्या. बदलला होता तो दोन नेटवर्कांमधला दरवाजा. अडथळा शेवटच्या टप्प्यात असता, तर करारावर सही होताच तो नाहीसा झाला नसता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक चल बदलून परिणाम पाहतात. इथे तो प्रयोग बाजाराने आपल्यासाठी करून दाखवला.

भारतातही हा प्रश्न दारात उभा आहे. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटा सेवांत आशयानुसार भेदभावाचे दर आकारण्यास मनाई केली. त्याआधी २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ईमेल पाठवून नेट न्यूट्रॅलिटीचा आग्रह धरला होता. या नियमात एक अपवाद आहे: इंटरनेटवरून न येणाऱ्या, बंदिस्त नेटवर्कवरील आशयाला तो लागू होत नाही. सोबत अटही आहे की मनाई चुकवण्यासाठी बंदिस्त नेटवर्कचा वापर झाला, तर मनाई लागू राहील. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत 'विशेष सेवा' नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वांबाहेर ठेवल्या गेल्या. त्या इंटरनेटला पर्याय ठरू नयेत आणि त्यांच्यामुळे इंटरनेटची गुणवत्ता ढासळू नये, या अटींवर. सरकारने २०१८ मध्ये या शिफारशी स्वीकारल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बीएसएनएलने तंतुजोडणीवर आयएफटीव्ही ही सेवा आणली. नावातील पहिली दोन अक्षरे 'इंट्रानेट फायबर'ची आहेत. पाचशेहून अधिक वाहिन्या मिळतील आणि त्या पाहताना खर्च झालेला डेटा ग्राहकाच्या इंटरनेट योजनेतून वजा होणार नाही, असे जाहीर झाले. या सेवेने नियम मोडला असे मी म्हणत नाही. उलट थेट वाहिन्यांपुरती ती सवलत समर्थनीयही आहे. का, ते पुढच्या परिच्छेदात. पण युक्तिवादाचे रूप कॉमकास्टच्या २०१२ च्या युक्तिवादासारखेच आहे, आणि उद्या कोणतीही खासगी कंपनी आपल्या मागणीनुसार चित्रफितींसाठी तोच वापरू शकेल. एका हाताने परक्यांकडून शुल्क मागायचे, दुसऱ्या हाताने स्वतःची चित्रफीत मोफत मोजायची, असा दुहेरी कर मग 'तांत्रिक अपरिहार्यता' म्हणून आपल्यासमोर ठेवला जाईल.

दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे बलवान आहेत, आणि ते मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिला मुद्दा मल्टिकास्टचा. थेट वाहिनी कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कवर मल्टिकास्टने पाठवली, तर वाटेवरील प्रत्येक दुव्यावर तिची एकच प्रत धावते आणि फांद्या फुटतात तेथे राउटर तिच्या प्रती काढतात. जुन्या प्रक्षेपणाची देणगी येथे परत मिळते. खुल्या इंटरनेटवर, अनेक कंपन्यांच्या सीमा ओलांडून, हे व्यवहारात होत नाही. म्हणून थेट सामन्यासाठी केबल कंपनीची स्वतःची सेवा तारेवर खरोखरच हलकी असते आणि तिला वेगळी वागणूक देण्यास भौतिक आधार आहे. परंतु मागणीनुसार चित्रफितीत हा लाभ नाही. तुम्ही सव्वाआठला सुरू केलेला आणि शेजाऱ्याने पावणेनऊला सुरू केलेला चित्रपट एकाच प्रतीतून दाखवता येत नाही. सवलतीची सीमा येथे आखली पाहिजे: थेट आणि मागणीनुसार यांच्यामध्ये. आज ती 'आमचे' आणि 'परके' यांच्यामध्ये आखली जात आहे.

दुसरा मुद्दा बिनतारी जाळ्याचा. मनोऱ्याची क्षमता तंतूसारखी सहज वाढत नाही. वर्णपट मर्यादित आहे, लिलावात महाग मिळतो, आणि शॅननने १९४८ मध्ये घालून दिलेली मर्यादा कोणत्याही कंपनीला ओलांडता येत नाही. ग्रामीण भागात मनोरा उभारण्याचा खर्च वसूल होण्यास वर्षे लागतात. ही अडचण खरी आहे. पण ही अडचण गर्दीच्या तासाची आणि विशिष्ट मनोऱ्याची आहे. तिचे उत्तरही तसेच हवे: गर्दी नसताना स्वस्त दर, सर्व आशयाला समान लागू होणारे, चित्रफितीचे अधिक कार्यक्षम संकेतन, ग्रामीण जाळ्यासाठी सार्वजनिक निधी. मुंबईच्या तंतुजोडणीवर रात्री दोन वाजता पाहिलेल्या चित्रपटावर शुल्क लावून गडचिरोलीतील मनोऱ्याची गर्दी कमी होत नाही.

कोरियाचा धडा

शुल्काचा प्रयोग करून पाहिलेला देश आपल्यासमोर आहे. दक्षिण कोरियाने २०१६ पासून इंटरनेट पुरवठादारांमध्ये 'पाठवणाऱ्याच्या नेटवर्कने पैसे द्यावेत' असा नियम लागू केला. एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स यांचा वाद २०२० मध्ये न्यायालयात गेला. जून २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने नेटफ्लिक्सच्या विरोधात निकाल दिला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली. नेटफ्लिक्सला तडजोड परवडली. ट्विच या थेट चित्रप्रवाह सेवेला परवडली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने कोरियातील चित्रफितींची प्रत ७२० रेषांपर्यंत खाली आणली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला. नेटवर्क शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट पडते, असे कारण तिने दिले. युरोपीय नियामकांच्या बेरेक या मंडळाने ऑक्टोबर २०२२ मधील आपल्या प्राथमिक मूल्यांकनात अशा शुल्काचे समर्थन होईल असा पुरावा आढळत नसल्याचे नमूद केले होते. हे दोन अनुभव आपल्याकडील बातम्यांत क्वचितच दिसतात.

यात आपले काय पणाला लागले आहे

'शुल्क बड्यांवर आहे, तुम्हाला काय त्याचे?' असे विद्यार्थी मला विचारतील. आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून उभ्या केलेल्या एनपीटेलची हजारो व्याख्याने आज कोठे पाहिली जातात? यूट्यूबवर. लातूर वा जळगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थी क्वांटम यांत्रिकीचे व्याख्यान तेथेच पाहतो. मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या मोजक्या वाहिन्याही तेथेच आहेत. अशा चित्रफितींवर जाहिरातीचे उत्पन्न नगण्य असते. प्रत्येक पाहण्यामागे खर्च वाढला, तर मंच सर्वप्रथम कोणत्या चित्रफितींची प्रत खाली आणेल? क्रिकेटची नव्हे. प्रत खाली आली की फळ्यावरील समीकरण वाचणे अवघड होते, एवढी साधी ही गोष्ट आहे.

आणि कंपन्यांच्या स्वतःच्या सेवा मोजणीतून वगळल्या गेल्या, तर मर्यादित डेटा असलेल्या घरात मालिका फुकट आणि व्याख्यान सशुल्क, अशी व्यवस्था सरकारने न ठरवताही आपोआप तयार होईल. आशयाला असा उतार देणे हा तांत्रिक निर्णय नाही. तो शैक्षणिक निर्णय आहे, आणि तो घेण्याचा अधिकार तार टाकणाऱ्याला आपण दिलेला नाही.

म्हणून तीन मागण्या मांडतो. एक, शुल्क मागणाऱ्या कंपन्यांनी गर्दीच्या तासातील विभागवार वापर आणि उपलब्ध क्षमता ट्रायमार्फत जाहीर करावी. तोवर एकूण गिगाबाइटच्या आधारे कोणताही निर्णय होऊ नये. दोन, 'बंदिस्त नेटवर्क' वा 'विशेष सेवा' ही सवलत मल्टिकास्टसारखा मोजता येणारा लाभ असेल तेथेच मिळावी. मागणीनुसार चित्रफितीला ती मिळू नये, मग ती कोणाचीही असो. तीन, विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी नेटवर्कविषयीच्या प्रत्येक आकड्याबरोबर तो एकूण वापराचा आहे की दराचा, आणि दिवसाच्या कोणत्या वेळेचा, हे लिहावे. ऊर्जा आणि शक्ती यांची गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. वार्ताहरांना आणि मंत्रालयांना ती सूट का असावी?

विद्यार्थिमित्रांसाठी एक काम. आठवडाभर रोज पहाटे पाच, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता आपल्या जोडणीचा वेग मोजा. प्रत्येक वेळी एकाच सर्व्हरकडे, आणि शक्यतो तारेने जोडलेल्या संगणकावरून. घरची जोडणी तंतूची आहे की मोबाइलची, हे नोंदवा. रात्री नऊचा वेग पहाटेच्या किती टक्के उरतो, हे खाली जिल्ह्याच्या नावासह लिहा. कंपनीचे नाव नको. ही नोंद काटेकोर सर्वेक्षण ठरणार नाही, तिच्यातून देशाविषयी निष्कर्षही काढता येणार नाही. पण 'ताण' हा शब्द जेथे मोजता येतो तेथे मोजायची सवय लागेल, आणि पुढच्या वेळी ट्राय हरकती मागवेल तेव्हा आपल्यापाशी निदान योग्य एककातले प्रश्न तयार असतील.